भात निसवल्याशिवाय तारपा वाजत नाही

आधीच सांगून टाकते, तारपा म्हणजे पुंगी नव्हे. आणि तारपा वाजवणारी मुलं म्हणजे पाहुण्यांची स्वागत समिती नव्हे. ही दोन वाक्यं मी नोकरीत इतक्या जणांच्या तोंडावर फेकली की निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तीच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. त्यांना वाटलं, बाई हसतील. मी खडू घेतला आणि खाली सही केली.

मी आश्रमशाळेत शिक्षिका होते. सगळी नोकरी डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत गेली, शेवटची वर्षं सायवनच्या अलीकडच्या एका शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आहेत, आणि माझं भांडण त्यांच्या नावांशी नव्हतंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आश्रमशाळा म्हणजे पाड्यांवरची मुलं जिथे राहून शिकतात ती शाळा. जूनमध्ये आईबाप पोराला पत्र्याच्या पेटीसकट आणून सोडतात आणि दिवाळीला घेऊन जातात. मधल्या काळात ते कुणाच्या भातलावणीला, कुणाच्या वाडीत चिकू उतरवायला, नाहीतर वीटभट्टीवर. पोटासाठी हे करावंच लागतं, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही.

पण यात एक गोष्ट गेली, आणि ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्हा वारल्यांकडे तारपा कुणी शिकवत नसे. पोर बापाच्या मागून खळ्यावर जायचं, नाचाच्या गोलात लुडबुडायचं, झोप आली की तिथंच गवतावर पडायचं. झोपेतही कानावर तारपाच. असं करत करत एक दिवस ते स्वतः फुंकायला लागायचं. आता पोर खळ्यावर नसतंच, वसतिगृहात असतं. तिथे त्याला वाघावर निबंध लिहायला लावतात, पण वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच्या वाघदेवाच्या सणाला, घरी काय वाजतं ते विचारलं तर ते तोंडाकडे बघत राहतं.

माझा बाबा तारपकरी. आमच्या बोलीत बापालाही 'तू'च म्हणतात, म्हणून मी 'बाबा म्हणाला' असंच लिहिणार आहे, वाचणाऱ्यांनी नाक मुरडू नये. पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला त्या वर्षी मी बाबाला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, शनिवारचा शेवटचा तास मला द्या, मी मुलांना तारपा शिकवते. सर जळगावकडचे. माणूस वाईट नव्हता, पण शाळेत काही नवीन झालं की त्यांना आधी वरून कोण काय म्हणेल याचीच काळजी. त्यांनी विचारलं, "अभ्यासक्रमात कुठे बसतं हे?" मी म्हटलं, "कार्यानुभवात बसवा. खडूची फुलं करण्यापेक्षा बरं." तास मिळाला.

तारपा कसा होतो ते थोडक्यात सांगते. लांब मानेचा दुधी भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, मग वाळवून आतून कोरायचा. हे तारप्याचं पोट. त्याच्या मानेत तोंडाने फुंकायचं. पोटाला खालून बांबूच्या दोन नळ्या, प्रत्येक नळीत बांबूचीच चिरलेली पातळ जीभ, तिच्यामुळे आवाज. नळीवर बोटांसाठी भोकं. पुढे ताडाची पानं एकावर एक गुंडाळत नेलेला लांब कर्णा, वाजवणारा उभा राहिला की जमिनीपर्यंत पोचणारा. सगळे सांधे मधमाशीच्या मेणानं बुजवायचे. खिळा नाही, दोरा सोडला तर बाजारातून आणलेलं काहीही नाही. मुलांनी पहिल्या हिवाळ्यात हे सगळं स्वतः केलं. अर्धे भोपळे फुटले. एकाच्या कर्ण्यात पालीनं अंडी घातली. पण तारपे झाले.

वाजवायला अवघड काय, तर दम. तारप्याचा आवाज मध्येच तुटता कामा नये. वाजवणारा गोलाच्या मध्ये उभा, भोवती कमरेत हात घालून बायका-पुरुष नाचतायत, तो श्वास घ्यायला थांबला तर सगळ्यांचे पाय हवेत. म्हणून गालात हवा साठवायची, ती गालांनीच बाहेर ढकलायची आणि तेवढ्यात नाकानं नवी भरून घ्यायची. हे शिकवायची बाबाची पद्धत अशी. पपईच्या पानाचा पोकळ दांडा घ्यायचा, पेलाभर पाण्यात बुडवायचा आणि फुंकायचं. बुडबुडे थांबले की तू बाद.

ही पद्धत आम्हाला पावसाळ्यात फार उपयोगी पडायची, कारण पावसाळ्यात तारपा फुंकायचाच नसतो. आमच्या भागातल्या पाड्यांवर पेरणी झाली की तारपा चुलीवर धुरात टांगून ठेवतात. भात निसवतं म्हणजे लोंब्या बाहेर पडतात, मग पिकतं, नव्या तांदळाचा निवेद कणसरीला म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला दाखवतात, आणि मग वाघबारशीच्या सुमाराला तारपा खाली येतो. तोवर त्याला तोंड लावायचं नाही. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. काही पाड्यांवर आधी वाजतो, हल्ली काही ठिकाणी बारमाही वाजतो. आमच्याकडे नाही वाजत, बस.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी तपासणीला एक साहेब आले. वर्गात शिरले तर सगळी पोरं मान खाली घालून पेल्यात बुडबुडे काढतायत. साहेबांनी विचारलं, "कोणता तास आहे?"

"संगीताचा," मी म्हटलं.

"आवाज कुठाय?"

"भात पिकल्यावर येईल."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. जाताना साहेब म्हणाले, बाईंना थोडी विश्रांतीची गरज आहे. मी म्हटलं, मे महिन्यात घेते की दरवर्षी.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. डहाणूच्या किनाऱ्यावर ज्यांचं रिसॉर्ट आहे असे एक शेठ आले होते, गुजराती मिसळून गोड बोलणारे. त्यांना शनिवार-रविवार पाहुण्यांसमोर मुलं हवी होती. वर म्हणाले, "कपडे आम्ही आपू, पानांचे. ओरिजिनल लागलं पाहिजे ना." मी त्यांना सांगितलं की आमच्या आज्यानंही कधी पानं नेसली नव्हती, तुमच्या आज्यानं नेसली असतील तर त्यांनाच उभं करा. परत आले नाहीत. दुसऱ्या एक बाई मुंबईहून गाडी घेऊन चारोटीला उतरल्या, विचारत विचारत शाळेपर्यंत आल्या. त्यांना दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी तारपा हवा होता. वाजला नाही तरी चालेल म्हणाल्या, फक्त भोपळ्यावर पांढरी चित्रं काढून द्या. बाबा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "हिला नुसता भोपळा दे. भाजी तरी करेल." बाईंना बोली कळली नाही हे त्यांचं नशीब. मी आजही अशा लोकांशी गोड बोलत नाही आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आमच्या पहिल्या तुकडीतल्या सगळ्यात चांगल्या दमाच्या मुलाचं, तो वापीला रंगाच्या कारखान्यात लागला आणि आता जिना चढला तरी धापा टाकतो.

आता जयवंतीकडे येते, कारण खरं सांगायचं आहे ते तिचंच.

जयवंती सातवीत. काटकुळी, मान पुढे काढून चालणारी, वर्गात कधी हात वर न करणारी. तारप्याचा तास मुलग्यांचा, मुली नाच शिकायच्या. एका शनिवारी मी पाहिलं तर ही नाचाच्या रांगेतून निघून मागच्या कोपऱ्यात पेला घेऊन बसलेली. पोरांचे बुडबुडे कधीच थांबले होते, हिचे चालूच होते. बाबानं पाहिलं. तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि तिचे गाल बघत राहिला. मग मला म्हणाला, "हिला तारपा दे."

आमच्यात बायका तारपा फुंकत नाहीत. हे मला ठाऊक होतं, बाबालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाबा, पाड्यावर काय म्हणतील?"

"म्हणू दे. देवानं सांगितलं का, बाईनं फुंकू नये म्हणून? मला तरी नाय सांगितलं. ते पुरुषांनी सांगितलं."

हिवाळाभर जयवंती वाजवत होती. उन्हाळा लागता लागता ती चार चाली तुटू न देता वाजवायला लागली. चाल म्हणजे तारप्याची धून, जशी चाल बदलेल तसे नाचणाऱ्यांचे पाय बदलतात. आणि मग एके दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, मला माझ्या पाड्यावर वाजवायचं. खळ्यावर. खरोखरचं, नाचासाठी." शाळेत वाजवणं तिच्या लेखी खरोखरचं नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं.

तिच्या पाड्यावर शब्द चालायचा तो रूपजी आजाचा. जयवंतीचा चुलत आजा. नाचाच्या गोलात सगळ्यात पुढे जो घुंगरं बांधलेली काठी आपटत चालतो तो हा. त्याच्या काठीवर गोल फिरतो, काठी थांबली की गोल थांबला. मी आणि बाबा मे महिन्यात त्याच्या घरी गेलो. त्यानं पाणी दिलं, बिडी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरीनं फुंकलेलं मी ऐकणार नाय."

बाबा हटणारा नव्हता. दोघे म्हातारे दुपारभर वाद घालत बसले. बोलता बोलता जुनी भांडणं निघाली, कुणी कुणाच्या लग्नात किती वाजवलं तिथपर्यंत गेले. शेवटी रूपजी आजा उठला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "वाघबारशीला आण खळ्यावर. लोक नाचले तर नाचले. पण ऐक, शाळेत तुमचे कसलेकसले कार्यक्रम असतात. मोसमाच्या आधी तिनं एकदा जरी तोंड लावलं ना, तर खळ्याकडे फिरकायचं नाय. मग सगळ्यांना सांगेन, बघा, बाईच्या हातात दिलं की असं होतं."

मी म्हटलं, कबूल. अट मला पटलीच होती. आम्ही पावसात फुंकत नव्हतोच.

आणि ऑगस्टमध्ये कार्यक्रम आला.

मुंबईहून कुणी मोठ्या बाई येणार होत्या, कोण ते महत्त्वाचं नाही. सरांनी मला बोलावून सांगितलं, तारपा ठेवलाय आपण, मुलगी वाजवते हे त्यांना कळवलंय, त्या खूश आहेत. मी म्हटलं, नाही वाजवणार. सरांना आधी वाटलं, मी मान मागतेय. मग मी सगळं समजावून सांगितलं, भात, कणसरी, रूपजी आजाची अट. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता.

"म्हणजे अंधश्रद्धा जपायच्या का आता शाळेत?"

"सर, तुमच्या घरी गणपती मार्चमध्ये बसतो का? आमदारांना वेळ आहे म्हणून?"

"तो वेगळा विषय आहे."

"अजिबात वेगळा नाही."

मग त्यांनी जे विचारलं ते मात्र खरोखर विचारण्यासारखं होतं. म्हणाले, "बाई, मुलीनं तारपा वाजवायचा नाही ही पण तुमचीच रूढी ना? ती तुम्ही मोडली. मग ऑगस्टची का नाही मोडत? कुठली पाळायची आणि कुठली मोडायची, हे कोण ठरवतं? तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. "आम्ही. आमचं आहे, पाळायचं तर आम्ही पाळू आणि मोडायचं तर आम्हीच मोडू. आपसांत भांडून मोडू. तुमच्या पाहुण्यांच्या गाडीची वेळ बघून नाही मोडणार."

सर म्हणाले, "असं असेल तर पुढच्या महिन्यापासून तो तास मला दुसऱ्या कामाला लागेल." म्हणजे वाजवलं तर जयवंतीला पाडा बंद, नाही वाजवलं तर शाळेतला तास बंद. मी म्हटलं, घ्या तास. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. एवढ्या पोरांचा तास एका पोरीसाठी घालवला, हे टोचत होतंच. पण वाजवलं असतं तर त्या तासाला अर्थ काय उरला असता? मुलांना भोपळ्यात हवा भरायला तर मी शिकवत नव्हते.

सरांनी तोडगा काढला. मंडपवाल्याकडे तारप्याचा आवाज पेनड्राइव्हमध्ये होता. तो स्पीकरवर लावायचा आणि मुलांनी तारपे तोंडाला लावून नुसतं उभं राहायचं. "फुंकू नका ना, तुमची रूढीही राहिली," सर म्हणाले. मी विरोध केला. त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि मुलांना थेट हुकूम सोडला. मुख्याध्यापकाचा हुकूम वसतिगृहातलं पोर कसं मोडणार? जयवंती मला जिन्याखाली गाठून म्हणाली, "बाई, तोंडाला लावला, फुंकला नाय, तर ते फुंकल्यात धरतील?" मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "मला माहीत नाही गं."

कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या भरायला पाड्यांवरून टेम्पो भरून माणसं आणली होती. मी स्टेजच्या कडेला उभी होते. मागच्या रांगांवर नजर टाकली. विवळवेढ्याच्या जत्रेत घेतलेली लाल टोपी घालून रूपजी आजा तिथे बसला होता.

मुलं स्टेजवर आली. मध्ये जयवंती. सरांनी खूण केली, पोरांनी तारपे तोंडाला लावले आणि स्पीकरमधून तारपा कडाडला. पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या. मागून मात्र कुणाला काय कळणार, पेनड्राइव्ह की पोरगी? रूपजी आजा उभा राहिला. त्यानं काठी उचलली आणि तो खुर्च्यांच्या मधून बाहेर निघाला. जयवंतीनं ते पाहिलं.

तिनं तारपा तोंडातून काढला. नुसता काढला नाही, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरला, कर्णा एका बाजूला लटकत होता. स्पीकरमधला तारपा चालूच होता, त्याला काय. बाकीच्या पोरांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकेकानं आपला तारपा खाली घेतला. स्टेजवर सगळी पोरं गप्प उभी आणि मंडपात तारपा जोरात वाजतोय. मागच्या रांगांमधून हसण्याची लाट आली. मंडपवाल्यानं घाबरून आवाज बंद केला.

मोठ्या बाई भल्या असाव्यात. त्यांनी माईक मागून घेतला आणि विचारलं, "काय झालं बाळ, बिघडलं का काही?"

जयवंती म्हणाली, "ती पेटी वाजत होती. आमी नाय."

"मग तू वाजव ना आता. मी मुद्दाम तुझं ऐकायला आले."

"भात निसवलं नाय अजून," जयवंती म्हणाली. वर्गात कधी हात वर न करणारी ही पोर. "निसवल्यावर, पिकल्यावर वाजवीन. वाघबारशीला ये तू."

तू म्हणाली म्हणून पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मी मागे पाहत होते. रूपजी आजा वाटेत थबकला होता. तो वळला, परत आपल्या खुर्चीपर्यंत गेला आणि बसला.

पुढच्याच सोमवारी नवं वेळापत्रक लागलं, शनिवारचा तास इंग्रजी स्पेलिंगला गेला. तारपे भांडारखोलीत गेले, फाटक्या गाद्या आणि मोडकी बाकं यांच्या सोबत, आणि कुलूप लागलं. मी सरांना म्हटलं, तिथे दमट आहे, मेण सुटेल. ते म्हणाले, बघू. मी पुन्हा विचारलं नाही. बाबाच्या अंगणात रविवारी पपईचे दांडे आणि पेले मांडले. सुट्टीच्या दिवशी घरचं कुणीही, आजाआजीसुद्धा, येऊन पोराला नेऊ शकतं, त्यावर कुणाचं कुलूप चालत नाही. जयवंतीसाठी बाबानं आपला सगळ्यात चांगला भोपळा काढला, धुरानं काळा पडलेला. जीभ मात्र तिच्याकडूनच चिरून घेतली. पहिल्या चार तिनं मोडल्या.

वाघबारशीला दिवाळीची सुट्टी लागली होती. ऊन उतरताना आम्ही तिच्या पाड्यावर पोचलो. निवेद झाला होता, खळं शेणानं सारवलेलं, माणसं जमलेली. मोठ्या बाई आल्या नव्हत्या, येणारही नव्हत्या. जयवंती खळ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि तिनं तारप्याला तोंड लावलं.

पहिला सूर निघाला. चांगला, भरीव निघाला. आणि कुणीही जागचं हललं नाही.

गोल नेहमी काठीवाल्यापासून सुरू होतो. रूपजी आजा काठी बगलेत मारून कडेला उभा होता, हाताची घडी घालून. तो हलत नाही म्हटल्यावर पुरुष हलेनात. रिकाम्या खळ्याच्या मध्ये ती एकटी वाजवत होती, तारपा असा एकटा कधीच वाजत नाही. ती थांबली की संपलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती थांबली नाही. गाल फुगत होते, नाकपुड्या हलत होत्या आणि आवाज सरळ चालला होता.

मग तिच्या आईनं कडेवरचं पोर सासूच्या हातात दिलं. जावेच्या कमरेत हात घातला आणि दोघी खळ्यात उतरल्या. काठी नाही, पुढारी नाही, दोघींचा कसला गोल होणार? पण पाय बरोबर पडत होते. मागून आणखी बायका गेल्या, मग शाळेतल्या पोरी. मीही गेले, माझे गुडघे दुखतात तरी. गोल भरला तेव्हा तरुण पोरं लाजत लाजत शिरली. काठीवाल्याशिवाय नाच त्या पाड्यानं पहिल्यांदाच पाहिला असेल.

रूपजी आजा जाऊन ओट्यावर बसला. मला वाटलं, आता घरात जाऊन दार लावून घेईल. तो बसून राहिला. चाल बदलताना जयवंती एका ठिकाणी घसरली, तर ओट्यावरून काठी खाड्‌कन आपटली. सगळ्या घुंगरांचा आवाज झाला. तिनं चाल सावरली. परत घसरली, परत काठी. माझं डोकंच फिरलं. पोरीचा एवढा पाणउतारा करायचा, तेही तिच्याच खळ्यावर? मी गोल सोडून ओट्याकडे निघाले, ती काठी हिसकावून घ्यायला. बाबानं माझा दंड धरला.

"बस गे," तो म्हणाला. "आपटू दे त्याला."

पुढची वर्षं तशीच गेली. शाळेत तास पुन्हा सुरू झाला नाही, सर बदलून गेले तरी नाही. भांडारातले तारपे कुजले. बाबाच्या अंगणात रविवारी पोरं येत राहिली, त्यात पोरी वाढत गेल्या. मला वरिष्ठांनी दोनदा लेखी समज दिली, ती मी नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि त्याच पिशवीतून पोरांना चणे नेले. बाबा दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गेला. नाहीतर हे लिहिताना त्यानं मला दहा ठिकाणी टोकलं असतं.

रूपजी आजा मात्र माझ्याशी बोलायचा बंद झाला. चारोटीला बाजारात समोर आला तर पलीकडच्या कडेनं जायचा. मीही हाक मारली नाही, मला काय पडलंय? दर वाघबारशीला जयवंती वाजवायची. दर वाघबारशीला तो त्याच ओट्यावर येऊन बसायचा, गोलात यायचा नाही, आणि ती चुकली की काठी आपटायचा. गोलात आता काठी दुसऱ्याच्या हातात असायची.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, दोन हजार एकोणीसच्या वाघबारशीला, जयवंती तलासरीच्या कॉलेजातून सुट्टीवर आली होती. उंच झाली होती, मान सरळ. ऊन उतरल्यावर तिनं सुरू केलं. एक चाल झाली, दुसरी झाली, अवघड ती तिसरी झाली, अंधार पडायला आला. नाचता नाचता माझ्या ध्यानात आलं की ओट्यावरून काहीच आवाज येत नाहीये. म्हातारा झोपला की काय म्हणून मी गोलातून बाहेर पडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. जागा होता. काठी मांडीवर आडवी, डोळे उघडे. माझ्यातही खोड आहेच, मी टोमणा मारलाच.

"काय आजा, काठी मोडली का आज?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"सरक बाजूला," तो म्हणाला. "ऐकू दे."